गुळपोळी तव्यावर फुटते, काय चुकतंय?

इंदूरची_सूनबाई: संक्रांत आली, मागच्या वर्षी निम्म्या पोळ्या फुटल्या, गूळ तव्यावर वाहून काळाकुट्ट झाला, घरभर धूर. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी गुपचूप बाजारातून गजक आली 😅 इकडचा गूळ मऊ असतो, चिकीचा घेऊ का?

राजवाडा_गल्ली: चिकीचा मुळीच नको गं, पोळी दगड होते! साधाच पिवळा गूळ बारीक किस, पाव किलोला तीन चमचे बेसन तेलावर खमंग भाजून घाल, अर्धी वाटी तीळ भाजून कुटून, खसखस, वेलची. मऊ वाटला तर बेसन वाढव. खरी गोम अशी की सारण आणि कणीक सारखीच घट्ट हवी, एक सैल एक घट्ट झालं की फुटणारच.

गराडूप्रेमी: आमची आई दोन लाट्यांमध्ये गुळाची चपटी गोळी ठेवून कडा दाबते, तांदळाच्या पिठीवर लाटते आणि गूळ न पोचलेली कड कातण्याने कापते. आच मंद. आणि एखादी फुटलीच तर पुढची टाकायच्या आधी तवा ओल्या फडक्याने पूस, धूर त्यानेच होतो.

इंदूरची_सूनबाई: अरे देवा, मी तवा पुसतच नव्हते. आणि कणीक पोळ्यांचीच, सैल 🤦‍♀️