ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) घेतलीत? घ्यायची राहिली? खरा हिशोब आणि खरे अनुभव इथे सांगा

घोडबंदरी_मुक्काम:

रविवारी पोटमाळा आवरताना बाबांची वही सापडली. लाल पुठ्ठ्याची, कोपरे वाळवीने खाल्लेले. नौपाड्याच्या घरी असताना आमच्याकडे सेकंडहँड पद्मिनी होती, बाबा पेट्रोल भरलं की तिथेच पंपावर बॉनेटवर वही ठेवून लिहायचे. किती लिटर, काटा किती, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. "कसारा घाट, दोनदा तापली." "खारेगाव, पाणी घातले." "सौ.ला माहेरी सोडले, अॅव्हरेज बरे." डिकीत तेलाचा रिकामा डबा कायम पाण्याने भरलेला असायचा. जुन्या गाड्यांना रेंजची भीती नव्हती म्हणणाऱ्यांनी पद्मिनीतून नाशिकला जाऊन बघायला हवं होतं.

तर वही बघून जरा लाज वाटली. मी ईव्ही घेऊन दोन वर्षं झाली, लिफ्टमध्ये कोणी विचारलं "परवडते का हो?" की मी ठोकून देतो "एकदम!" आणि कधी पेन्सिल घेऊन बसलेलो नाही. म्हणून त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर बसलो.

कासारवडवली ते ऐरोली, जाऊन येऊन 40 किमी, शनिवार-रविवारची वणवण धरून महिन्याला 1,100. आधीची पेट्रोल गाडी या ट्रॅफिकमध्ये लिटरला 12 किमीच्या वर कधी गेली नाही, म्हणजे 92 लिटर, लिटर शंभराच्या वर, साडेनऊ हजार झाले. ईव्ही युनिटला 7 किमी देते, चार्जिंगमध्ये वाया जातं ते धरून 175 युनिट. सोसायटी सबमीटरवर 12 रुपये लावते, 2,100. वाचले सात हजार चारशे. रोड टॅक्स माफ असूनसुद्धा त्याच गाडीच्या पेट्रोल मॉडेलपेक्षा साडेतीन लाख जास्त दिले होते, ते फिटायला चार वर्षं. त्यात 26 हजार किमीतच पुढचे दोन टायर गेले (गाडी जड, पिकअप दांडगा, आणि चालवणारा मी). इन्शुरन्सला थर्ड पार्टीत 15 टक्के सूट असते पण गाडीची किंमतच जास्त म्हणून एकूण हप्ता जास्तच.

पण हे सगळं माझ्या पार्किंगच्या खांबावर 15 अँपियरचा एक सॉकेट आहे म्हणून. तो नसता आणि सगळं बाहेरच्या फास्ट चार्जरवर असतं तर युनिटला 20-22 ने चार हजाराच्या आसपास गेलं असतं, आणि तेवढ्यात सीएनजी गाडी पण तेवढीच पळते. म्हणजे मी गाडी घेतली असं म्हणतो खरा, पण परवडतोय तो सॉकेट.

तुमचं सांगा. शोरूमवाल्यांचे आकडे नकोत.

दिघ्याची_पोर:

पहिली! नंतर वाचते, दूध ठेवलंय गॅसवर

खारघर_सेक्टरवाली:

सॉकेटचं नाव काढलंत आणि जखमेवर मीठ चोळलंत. आमच्या सेक्रेटरींना मी अर्ज दिला फेब्रुवारीत, सॉकेट लागला ऑगस्टमध्ये. मधले सहा महिने काय काय ऐकलं. "वहिनी, आग लागली तर वरचे सगळे जातील." "वहिनी, तुम्हाला दिलं तर सगळेच मागतील." अहो मागू देत की! चौथ्या मजल्यावरच्या काकू तर म्हणाल्या तुमची गाडी लावली की आमची लिफ्ट मध्येच थांबेल. एजीएममध्ये दीड तास ईव्हीवर आणि शेवटी ठराव पास झाला तो कबुतरांच्या जाळीचा.

मीटररूमपासून आमचं पार्किंग तळमजल्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आर्मर्ड केबल 65 मीटर, वर एमसीबी, सबमीटर, मजुरी धरून 38 हजार गेले. आणि एवढं करून पहिल्या रात्री गाडी लावली तर लाल दिवा, चार्जच होईना. इलेक्ट्रिशियन म्हणाला गाडीतच फॉल्ट. सर्व्हिसवाले म्हणाले वायरिंगमध्ये फॉल्ट. चार दिवस ही टोलवाटोलवी, मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जुन्या वायरमनने येऊन टेस्टर लावला आणि हसायलाच लागला, म्हणे ताई बिल्डिंगला अर्थिंग नावापुरतंच आहे. जिन्यामागे नवा खड्डा खणला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वरून पाणी. आमच्या सासूबाई गॅलरीतून बघत होत्या, त्यांना वाटलं वास्तुशांत. गाडीने त्या रात्री निमूट हिरवा दिवा दाखवला. ज्यांना घ्यायचीय त्यांनी गाडी बुक करायच्या आधी अर्थिंग तपासा, कळकळीने सांगते.

कोपरखैरणे_बॉईज:

मी सीएनजी पार्टी. रात्री 11 ला जेवून लाईनीत लागतो, साडेअकराला नंबर येतो, सकाळी गेलं तर पाऊण तास. पण गाडी पडली 9 लाखाला. तुमच्या साडेतीन लाखात माझा सहा-सात वर्षांचा गॅस येतो.

घोडबंदरी_मुक्काम:

@कोपरखैरणे मान्य. फक्त 2025 च्या नोव्हेंबरात काय झालं ते पण लिहा ना

कोपरखैरणे_बॉईज:

हाहा ते नका आठवू. पाईपलाईन फुटली नि पंपच बंद. मी आपला पेट्रोलवर टाकून फिरलो, रिक्षावाल्यांचे मात्र हाल झाले. भावजीकडे ईव्ही आहे त्यांनी तीन दिवस रोज व्हॉट्सॅपवर चार्जिंगचा फोटो टाकला. नातेवाईक आहेत म्हणून सोडलं.

चिपळूणकर_ठाण्यात:

आमचा गणपतीचा किस्सा. जुनी नेक्सॉन ईव्ही, 30 युनिटची बॅटरी, कागदावर 312 किमी, खरी म्हणाल तर एसी लावून 200. ठाणे-चिपळूण 240. म्हणजे मध्ये एकदा लावावीच लागते, एरवी काही वाटत नाही, पण गणपतीच्या आदल्या दिवशी पेणहून मूर्ती उचलायची होती. मूर्ती बायकोच्या मांडीवर, मागे आई आणि दोन पोरं आणि डाळ-गूळ-तांदूळ. माणगावला नेहमीसारखं ठप्प. तसं ट्रॅफिकमध्ये ईव्हीचं एक बरं, उभी असताना फक्त एसीच खाते, तासाला एखाद युनिट. पण चार्जरपाशी पोचलो तर गन (गाडीला लावायचा प्लग) एकच आणि तिथे एक पेट्रोलची एसयूव्ही आडवी लावून मालक जेवायला गेलेला!! हॉटेलात फिरून फिरून शोधला, तो म्हणतो "दोन मिनिटं, सोलकढी येतेय." वीस मिनिटं. आमची गाडी 14 टक्क्यांवर. तोपर्यंत आईने सगळ्या हॉटेलला सांगून झालं होतं की आमच्या गाडीत देव आहेत. वेटर बिचारा सारखा येऊन विचारायचा, देवाला पाणी आणू का.

50 मिनिटं लावून निघालो. पुढे पोलादपूरनंतर आता कशेडीला बोगदा झालाय, तो घाट टळतो त्यामुळे बरंच वाचतं. घरी पोचलो तेव्हा 31 टक्के होते, उगीच घाबरलो होतो. गावी पंपाच्या खोलीतून वायर काढून रात्रभर लावली. पण त्यानंतर गणपतीला मी रात्री 2 लाच निघतो. आणि मूर्ती आता गावातच सांगतो.

मामलेदार_मिसळ_प्रेमी:

"सोलकढी येतेय" हाहाहाहा

सोलकढीसाठी मी पण थांबवली असती गाडी, माफ करा

वाघबीळ_२ब:

@घोडबंदरी तुम्ही कासारवडवलीत नक्की कुठे? मी नेहमी एक हिरवी (ईव्हीची) नंबरप्लेट बघतो सकाळी 8:10 ला माजिवड्याच्या पुलाखाली, मागे "आईची कृपा". तुम्हीच का?

घोडबंदरी_मुक्काम:

नाही हो, माझ्या मागे काहीच लिहिलेलं नाही. 8:10 ला तर मी अजून मानपाड्यालाच रखडलेला असतो.

वाघबीळ_२ब:

आज गायमुख बघितलं का. ट्रक पलटला म्हणे

लाईनीत_उभा:

गायमुखाला रोजच काहीतरी असतं. माझी मुलगी स्कूलबसमध्येच झोपून घेते आता. विषय ईव्हीचा होता ना? सॉरी, चालू द्या

तुर्भे_ते_एअरपोर्ट:

मी टॅक्सी चालवतो इलेक्ट्रिक, वर्ष झालं, मालकाची गाडी आहे आपली नाही. लिहायची सवय नाही चुकलं तर सांभाळून घ्या. रोजचे 180-200 किमी होतात. रात्री तुर्भ्याला यार्डात लागते पण दुपारी एकदा फास्टवर लावायलाच लागते, तो पाऊण तास आमचा भाड्याचा जातो. उभी गाडी कमवत नाही. काही दिवस तर चार्जरपुढेच तीन गाड्या, मग उलव्याच्या नवीन विमानतळाचं भाडं हातचं गेलं असं दोनदा झालंय. पण एक सांगतो, आधी मी 9 वर्षं क्लचवाली चालवली, डावा गुडघा संध्याकाळी सुजायचा, बायको रोज तेल लावून द्यायची. आता क्लचच नाही. गुडघा गप आहे. हे कोणी हिशोबात धरत नाही. आणि त्या पाऊण तासात डबा खाऊन झोप पण होते.

खारघर_सेक्टरवाली:

दादा छान लिहिलंत. गुडघ्याचा रकाना वहीत घ्यायलाच हवा

निवृत्त_नौपाडा:

मी 71 वर्षांचा. मुलगा अमेरिकेतून सारखा सांगतो, बाबा इलेक्ट्रिक घ्या. मी कागद घेतला. आमची गाडी वर्षाला 3,000 किमी चालते, त्यातले निम्मे हिच्या बहिणीकडे डोंबिवलीला. पेट्रोल वर्षाचे 25-26 हजार. ईव्हीने त्यातले फार तर वीस वाचतील. साडेतीन लाख फिटायला सतरा-अठरा वर्षे, म्हणजे मी 89 चा होईन. मुलाला म्हटले, तोपर्यंत तू ये आणि तूच चालव. सध्या राम मारुती रोडला चालतच जातो, पार्किंग मिळत नाही.

पद्मिनीचे वाचून बरे वाटले. आमच्या वाड्यात पण एक होती, पिवळसर. आपले वडील कोणत्या गल्लीत राहत होते?

अटल_सेतू_रोजचा:

+१ नौपाडा काका, कमी चालवणाऱ्यांनी घेऊच नये. माझं उलट आहे. नेरुळ ते शिवडी रोज. पुलाचा कारचा टोल एका बाजूने 250. ऑगस्ट 2025 पासून राज्याने इलेक्ट्रिक चारचाकींना अटल सेतू, पुणे एक्सप्रेसवे, समृद्धीवर टोल माफ केला, त्यानंतर माझी गाडी चार्जिंगपेक्षा टोलमध्येच जास्त पैसे वाचवते. आधी मी वाशी पुलाने रडत जायचो. फास्टॅगला गाडी ईव्ही म्हणून नोंदलेली आहे ना ते मात्र बघून घ्या.

पण माफी कायमची राहील असं धरून ईएमआय काढू नका. पूर्वी कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत करात वजावट होती, मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना. मी कर्ज घेतलं एप्रिलमध्ये. एका महिन्याने गेली!! अजून स्वप्नात येते.

सानपाड्याची_सून:

आमच्याकडे मोठी बॅटरी ठणठणीत आणि बारकी गेली. म्हणजे बॉनेटखाली साध्या गाडीत असते तसलीच 12 व्होल्टची असते, कुलूप, स्क्रीन वगैरे सगळं तिच्यावर. सासऱ्यांच्या डायलिसिसच्या दिवशी सकाळी 6 ला गाडी उघडेचना. 16 लाखांची गाडी आणि चार-पाच हजाराच्या बॅटरीने मान टाकली. सर्व्हिस सेंटरचा माणूस फोनवर म्हणतो मॅडम रीस्टार्ट करून बघा. अरे पण दार उघडत नाहीये! शेवटी समोरचा रिक्षावाला सोडायला आला आणि पैसे पण घेईना. बदलून घेतली, आता ठीक आहे.

घोडबंदरी_मुक्काम:

@सानपाडा बापरे. सासरे कसे आहेत आता?

सानपाड्याची_सून:

बरे आहेत. त्यांना तीच गाडी आवडते, आवाज नाही ना, डायलिसिसवरून येताना झोप लागते त्यांना. म्हणून विकली नाही, मी तर विकायलाच निघाले होते

कोपरखैरणे_बॉईज:

काळजी घ्या ताई. रिक्षावाला सीएनजीचा होता हे नोंदवून ठेवतो

ऐरोली_आयटीवाला:

बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी असते बहुतेकांना, पण आठ वर्षांनी विकायला काढली की कोण घेणार? माझी पाच वर्षांची विकायला काढली तर डीलरने जो आकडा सांगितला तो ऐकून पाणी मागितलं. तेव्हा धाग्यकर्त्यांनी वहीत रिसेलचा पण रकाना टाकावा. बाकी हिशोब बरोबर.

आणि कोणी घरच्याच मीटरवर लावत असेल तर 300 युनिटच्या पुढे स्लॅब बदलतो हे लक्षात ठेवा. आमचं घरचं बिल 220 युनिट, गाडीचे 150 मिळून वरच्या स्लॅबला गेलं, मेमध्ये दोन एसी, बायकोने बिल फ्रिजवर चिकटवून ठेवलं. महावितरणकडून ईव्हीसाठी वेगळं मीटर मिळतं, ते घ्या.

घोडबंदरी_मुक्काम:

रिसेलचा रकाना आखला, आकडा लिहवत नाहीये. @निवृत्त_नौपाडा काका, आम्ही गोखले रोडच्या मागच्या गल्लीत होतो, 1998 पर्यंत. गाडी पिवळसर नव्हती, क्रीम म्हणायचे बाबा, पण उन्हाने पिवळी पडली होती. वहीत एक नोंद आहे, "गल्लीतील मुलांनी धक्का मारला, प्रत्येकी एक पेपरमिंट."

निवृत्त_नौपाडा:

मग तीच. माझा धाकटा त्या मुलांत होता. त्याला आज रात्री फोनवर विचारतो.

दिघ्याची_पोर:

दूध उतू गेलं. वाचला सगळा धागा. दिघ्यात आमच्या चाळीसमोर गाडी रस्त्यावरच लागते, सॉकेट कुठे लावू सांगा कोणीतरी