अलास्कातली समुद्रकाठची सरकारी केबिन: आईबाबांना न्यावं का?

चाफा_सिअ‍ॅटल

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अलास्काला चाललोय. नवरा, मी, नऊ वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेले आईबाबा. सीवर्ड गावाच्या दक्षिणेला केन्स हेड नावाचं भूशिर आहे, तिथे राज्य सरकारच्या दोन केबिनी आहेत, डर्बी कोव्ह आणि कॅलिस्टो कॅन्यन. त्यातली एक दोन रात्रींसाठी मिळाली. बुकिंग नवऱ्याने उत्साहाच्या भरात केलं, खालची बारीक अक्षरं मी नंतर वाचली. वीज नाही, नळ नाही, गाद्या नाहीत, भांडी नाहीत, गाडीरस्ता नाही. आई विचारतेय, "मग पैसे कशाचे घेतात?"

चालत जावं की बोटीने? बाबा ६८ वर्षांचे, मूळचे हर्णैचे. "ओहोटी बघून चालायचं ना, त्यात काय!" म्हणतात, पण गुडघे कुरकुरतात. आईला सुकट न्यायचीय. अस्वलांचं काय? आणि संडासाबद्दल कोणीतरी खरं खरं सांगा.

गारठलेला_गडी

चाफाताई, मी अँकरेजला अकरा वर्षं आहे, केन्स हेडला चार वेळा राहिलोय. त्यातली पहिली खेप फसली, तिच्यापासूनच सुरुवात करतो.

सीवर्डजवळच्या लोवेल पॉइंटपासून वाट सुरू होते. पहिला दीड मैल जंगलातून चढउतार, मग टोन्सिना पॉइंटला ओढ्यावरचा पूल ओलांडून समुद्रावर. तिथून डर्बी कोव्हपर्यंत वाट अशी नाहीच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, मधला किनारा ओहोटीलाच उघडतो. ओहोटीच्या वेळेच्या निदान दोन तास आधी लोवेल पॉइंट सोडायचं, असं सांगतात.

मी डायरीत लिहून नेलं होतं: "ओहोटी १०:१०". एवढंच. बरोबर आठला निघालो, टोन्सिनाला वेळेत पोचलो आणि बघतो तर पाणी कड्याला टेकलेलं. दहा वाजले, सव्वादहा झाले. कड्याच्या पायथ्याशी काळ्या गोट्यांची दोन हात रुंद पट्टी उघडी पडली, त्यावर तपकिरी शेवाळ, बोटांनी दाबलं की फुटाणे फुटल्यासारखं फटफटणारं. मित्राची बायको म्हणाली, "एवढीच का ओहोटी?" एवढीच होती. साडेदहाला पाणी परत फिरलं. पाठीवर चौदा-चौदा किलो घेऊन आम्हीही फिरलो आणि संध्याकाळच्या वॉटर टॅक्सीला दामदुप्पट मोजून केबिनवर गेलो.

चूक माझीच. वेळ बघितली, उंची बघितली नाही. भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळेपुढे पाण्याच्या उंचीचा फुटांचा आकडा असतो, खरी गोम त्यात आहे. शिवाय इथे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक खोल जाते, दुसरी आखडती. आम्ही आता तीन फुटांच्या वरची ओहोटी चालायला धरतच नाही. रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, आज अष्टमी नाही का!" कालनिर्णय माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लटकत होतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बाबांना चालायला लावू नका. जाताना बोट, येतानाही बोट. बोटवाला नाक वाळूला टेकवतो, उडी आपल्याला मारायची असते, कधी घोटाभर पाण्यात तर कधी गुडघाभर. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट सगळ्यांना घ्या. इथे लोक त्यावरच लग्नालाही जातात. आणि एक दिवसाचं जेवण जास्त न्या, कारण वारा सुटला तर बोट ठरल्या दिवशी येईलच असं नाही. किनाऱ्यावर मोबाइल धरून बसू नका, रेंजवर भरवसा नाही. सॅटेलाइटवरून निरोप धाडणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्या.

केबिन म्हणजे एक खोली, भिंतीला लाकडी फळ्या, त्यावर झोपायचं. मॅट आणि स्लीपिंग बॅग आपली. आईंसाठी जाड मॅट न्या, इथे काटकसर नको. शेगडी लाकडाची आहे की गॅस-तेलाची हे बुकिंगच्या पानावर असतं, नीट वाचा. लाकडाची असेल तर किनाऱ्यावर वाहून आलेल्या ओंडक्यांवर विसंबू नका, ते आतून चिंब असतात. सीवर्डहून कोरडी मोळी न्या. निघताना पुढच्यासाठी बारीक चिरफळ्या आणि दोन कोरडी लाकडं ठेवून जायची पद्धत आहे. तिथली वही जरूर वाचा. आमच्या खेपेला एका पोराने पानभर फक्त उंदराचं वर्णन लिहिलं होतं, चित्रासकट.

पाणी ओढ्याचं, उकळूनच प्यायचं. कितीही नितळ दिसलं तरी. पोट बिघडवणारा जिआर्डिया हा जंतू डोळ्यांना दिसत नाही. संडास बाहेर, खड्ड्याचा, दार लागतं. कागद आपला, डबा न्यायचा तर तोही आपला. जुलैत रात्री अकरानंतरही संधिप्रकाश असतो, त्यामुळे आईंना अंधाराची भीती नाही, डासांची आहे.

सुकट घरीच ठेवा. तिथे काळी अस्वलं आहेत, आणि जुलैत टोन्सिनाच्या ओढ्याला सामन मासा चढायला लागतो, म्हणजे ती किनाऱ्यावर येणारच. बेअर स्प्रे आणि स्टोव्हचा गॅसचा डबा विमानात सामानातही चालत नाहीत, दोन्ही अँकरेजला उतरल्यावर घ्या.

जॅकेट_वाळत_नाही

गडी, सुकटीचं एवढं काय! आम्ही झाकणाला रबर असलेल्या डब्यातून नेली, केबिनमध्येच भाजली, अस्वल फिरकलं नाही. (नवरा मात्र रात्रभर जागा होता.)

माझी भर पावसाची. आपल्याकडे कोसळतो आणि थांबतो. तिकडे दिवसभर नुसता गाळल्यासारखा पडतो, काही वाळत नाही. जीन्स एकही नको. खायला भाजणी, कुळथाचं पीठ, मेतकूट आणि तूप. बाहेर धुकं आणि आत मऊ भातावर मेतकूट-तूप, माझ्या सासूबाई अजून त्याच जेवणाचं नाव काढतात.

टोन्सिनाला पांढरी पडलेली, पानं नसलेली झाडं उभी दिसतील. लेकीला दाखवा. २७ मार्च १९६४ ला इथे ९.२ चा भूकंप झाला, जमीन खचली, मुळांशी खारं पाणी शिरलं आणि स्प्रूसची झाडं उभ्या उभ्या मेली. सीवर्डवर त्सुनामीही आली होती. म्हणून तिथे असताना जमीन जोरात हादरली तर सायरनची वाट बघायची नाही, सरळ डोंगरावर चढायचं.

गुडघे साथ देत असतील त्यांनी नॉर्थ बीचवरून फोर्ट मॅकगिल्व्हरेला चढून यावं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या धास्तीने बांधलेला तोफांचा किल्ला, १९४३ मध्ये सोडून दिला. आत काँक्रीटचे बोगदे आहेत, मिट्ट काळोख, विजेरी लागेलच.

गारठलेला_गडी

रबरवाल्या डब्याचं मान्य. पण सुकट भाजल्यावर वास डब्यात बसत नाही, केबिनमध्ये बसतो. पुढच्या माणसाचा विचार करा हो.

दर्यावर्दी_दापोली

गडी, तुमच्या आईंचं बरोबर आहे. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, धड चढत नाही की धड उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओहोटीही लांबवर जाते. आमच्याकडे शाळेतलं पोरगंही तिथीवरून पाण्याची वेळ सांगतं. चाफाताई, बाबांना तिथी विचारा की, हर्णैचे आहेत म्हणता!

चाफा_सिअ‍ॅटल

विचारली. बाबांनी पंचांग काढलं, बोटावर मोजलं आणि गप्प बसले. आम्ही पोचतो त्या दिवशी सप्तमी, निघतो तेव्हा नवमी. सीवर्डचा तक्ता उघडला तर सकाळच्या ओहोटीपुढे ४.६ फूट. "म्हणजे भांगच," म्हणाले, आणि लगेच, "मी आधीच सांगणार होतो बोटीचं."

दोन्ही वेळची बोट ठरवली. रबरी बूट पाच जोड. जॅकेटताई, मेतकुटाबद्दल आईने तुम्हाला खास धन्यवाद सांगितलेत. सुकटीची पिशवी तिने माझ्यासमोर बॅगेतून काढून ओट्यावर ठेवली. आत्ता चहा करायला गेले, तर ओट्यावर नाही.