उत्तर प्रदेशातला मातीचा 'कुठला' नागपूरकडच्या मातीत कसा उभा करायचा?

शेतघर_कळमेश्वर

नमस्कार मंडळी. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत घराच्या आत कच्च्या मातीची उभी धान्यकोठी असते. ब्रज-बुंदेलखंडाकडे तिला कुठला म्हणतात, अवध-पूर्वांचलात डेहरी. तशी एक कळमेश्वरजवळच्या शेतघरात करायची आहे. शोभेची नको, दोन-अडीच क्विंटल गहू वर्षभर राहिला पाहिजे. शेतातल्याच मातीचे दोन लहान नमुने थापले, दोन्ही तिसऱ्या दिवशी उभे तडकले. कुटार (भुसा) वाढवूनही फरक नाही. माती कोणती घ्यावी, थर कसे चढवावे आणि धान्याला पोरकिडे लागू नयेत म्हणून काय करावं, हे जाणकारांनी सांगावं.

दोआब_मातीकाम

भाऊ, चूक हाताची नाही, मातीची आहे. गंगा-यमुनेच्या दोआबातली माती नदीच्या गाळाची. तिथल्या बायका कुठल्यासाठी तळ्याच्या तळाची चिकणमाती काढतात, पण तिच्यातही पोयटा (रेतीहून बारीक गाळ) आणि बारीक रेती मुळातच मिसळलेली असते. आपली कन्हार, म्हणजे काळी भारी माती, बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातलं चिकण-खनिज पाणी आत ओढून फुगतं आणि सुकताना तितकंच आकसतं. मे महिन्यात शेतात ज्या भेगा पडतात, त्याच तुमच्या भिंतीत पडल्या. कुटार बारीक तडे धरून ठेवतं, हे असलं आकसणं त्याच्याच्यानं रोखलं जात नाही.

गावठाणातल्या जुन्या पडक्या घराची पांढरी माती मिळते का पाहा. ती न मिळाल्यास सोडलेल्या वारुळाची. भंडाऱ्याकडून आणणं जमत असेल तर तिकडची सिहार माती चालते, मात्र तिच्यात रेती जास्त असते, म्हणून चिकणमातीची थोडी भर लागते. कोणतीही आणा, आधी तपासा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवा, एक दिवस ठेवा. रेती लगेच खाली बसते, तिच्यावर पोयटा, सगळ्यात वर चिकणमाती. वरचा थर एकूण मातीच्या पाव ते एक तृतीयांश असला की काम होते. मग ३० सेंमी लांबीची पट्टी थापून सावलीत सुकवा. १ सेंमीच्या आत आकसली तर माती घ्या. दीड सेंमीच्या वर गेली तर रेती मिसळून पुन्हा पट्टी थापा.

माप असं धरा: आतला व्यास ६० सेंमी, उंची १२० सेंमी, भिंत ५ सेंमी. यात साधारण अडीच क्विंटल गहू मावतो. भिंत आणि तळ मिळून सुकी माती सव्वादोन क्विंटलच्या आसपास लागते, म्हणजे चाळलेल्या मातीची पंधरा-सोळा घमेली धरून चाला.

चार घमेली मातीला एक घमेलं गव्हाचं कुटार. सोयाबीनचं नको, त्याच्या काड्या जाड असतात आणि काडीभोवती पोकळी राहते. पाणी टाकून सात दिवस मुरू द्या, रोज पायाने तुडवा. कुटार मऊ पडून आंबूस वास आला, गोळा हातातून ताणून तुटू लागला, की माती तयार. ही मुरवण कमी पडली तर भिंत सुकल्यावर तिचे पोपडे निघतात.

तळाची चकती ७० सेंमी व्यासाची, ७ ते ८ सेंमी जाड. खाली जुनं पोतं आणि त्यावर राख पसरा, नाहीतर खाली चिकटते. चकतीच्या वरच्या अंगाला पुढच्या बाजूकडे, म्हणजे धान्य काढायचं भोक येणार तिकडे, उतार द्या. हा उतार सगळे विसरतात, आणि मग शेवटचे आठ-दहा किलो दाणे आतच अडकून राहतात. तीन-चार दिवसांनी अंगठा दाबून रुतेनासा झाला की कडा खरवडा, पातळ चिखल लावा आणि पहिली वळी (मातीची लांब वळकटी) बसवा. रोज एकच थर, १५ सेंमीचा. त्याहून उंच नेलात तर खालचा ओला थर बाहेर फुगतो. प्रत्येक सांध्यावर खालची माती बोटांनी वर आणि वरची खाली ओढा. सांधा नुसता एकावर एक टेकवला तर धान्याच्या दाबाने तिथेच आडवी चीर जाते. असे आठ थर.

धान्य काढायचं भोक पहिल्याच थरात, तळाला लागून, १० सेंमीचं. भोवतीची भिंत दुप्पट जाड ठेवा. भोक याहून लहान केलं तर दाणे आतल्या आत कमान धरून अडतात. वरचे दोन थर आत घेत तोंड ४० सेंमीवर आणा. झाकण त्याच मातीचं.

शेवटी बाहेरून चाळलेली माती आणि शेण समसमान घेऊन लिपण. तिकडे त्यावर पोतनी मातीचा हात देतात, आपल्याकडे छुई, म्हणजे पोतायची पांढरी चिकणमाती, चालेल. खांद्यावरची उठावाची नक्षी मात्र थर निम्मा ओला असतानाच लावावी. सुकलेल्या भिंतीवर चिकटवलेली नक्षी पहिल्या पावसाळ्यात गळते. ही नक्षी करणाऱ्या बाया आपल्या हाताची खूण त्यात ठेवतात, म्हणून छापील नमुना गिरवू नका, स्वतःचं काहीतरी काढा.

पांढरी_आणि_मुरूम

वरच्या उत्तरात वेळेचा मुद्दा राहिला. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात चांगली मातीही फाटते, कारण बाहेरची बाजू सुकून कडक होते आणि आतली ओलीच असते. संक्रांतीनंतर काम धरा, महाशिवरात्रीपर्यंत थर पुरे करा. थर चढत असताना वरच्या कडेवर ओलं पोतं, दारं-खिडक्यांतून थेट वारा नको. नंतर तीन-चार आठवडे सुकू द्या. आतल्या भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी त्याच्या आत दव दिसलं तर गहू भरू नका.

कोठी उभी करायची ती तिच्या जागीच, चार पक्क्या विटांच्या पायांवर, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून एक फूट सोडून. भिंतीला टेकवली की मागून ओल धरते आणि उंदरांना आडोसा मिळतो. वाळवीची वाट याच पायांवरून असते, ते आठवड्याला पाहत जा.

धान्यसाठा

कोठी कितीही चांगली असली तरी ओला गहू तिच्यात खराबच होतो. दाण्यात ओल १२ टक्क्यांच्या आत हवी. घरगुती परीक्षा: कोरड्या काचेच्या बाटलीत गहू आणि कोरडं बारीक मीठ घालून दहा-पंधरा मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी दाणा दाताखाली कट् करून फुटला पाहिजे. उन्हात वाळवलेला गहू त्याच दुपारी भरू नका, रात्रभर पसरून गार होऊ द्या. गरम धान्यातली वाफ वरच्या थरात थंड होते आणि तिथूनच बुरशी सुरू होते.

कोठी तोंडापर्यंत भरा, झाकणाचा सांधा शेणमातीने लिपून टाका. मग वापराचं धान्य फक्त खालून काढा, भोकाला कापडाचा घट्ट बोळा. वरचं झाकण दर आठवड्याला उघडलं तर सोंडे आणि खापरा भुंगेरा या किडींना आयती हवा मिळते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवलेला, ओला पाला उलट ओल वाढवतो. तूर-मूग ठेवणार असाल तर वर चार बोटं कोरड्या रेतीचा थर द्या, भुंगेरे वरून अंडी घालायला दाण्यापर्यंत पोचत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. धुरीची गोळी, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, या कोठीत कधीच टाकू नका. मातीची भिंत सच्छिद्र असते, विषारी वायू झिरपून राहत्या खोलीत येतो आणि माणसं दगावतात.

याच सच्छिद्रपणामुळे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा कोठी तयार केली. कच्च्या विटांच्या दोन भिंती आणि मधे ७०० गेजचा प्लास्टिकचा कागद. पावसाळ्यातली दमट हवा तिच्यात शिरत नाही. चार-पाच क्विंटलच्या वर साठवायचं असेल तर तीच करा. खेड्यांतून कुठला मागे पडला तो मुख्यतः पत्र्याच्या हापूड कोठीमुळे. ती हलवता येते, उंदीर कुरतडत नाही. पण पत्रा दिवसा तापतो, रात्री गार पडतो आणि आतून घामेजतो. मातीत हा चढउतार फार कमी, अडीच क्विंटलला कुठला म्हणूनच मला अजूनही योग्य वाटतो.

शेतघर_कळमेश्वर

सर्वांचे मनापासून आभार. गावठाणाची पांढरी माती मिळण्यासारखी आहे. आणखी दोन शंका: दरवर्षी डागडुजी काय करावी? आणि नागपुरात बहिणीच्या घरी पहिल्या मजल्यावर असाच कुठला ठेवता येईल का?

दोआब_मातीकाम

नवा गहू यायच्या आधी कोठी पूर्ण रिकामी करा, हात घालून आतून खरवडा. निघालेली माती घराबाहेर दूर टाका, जुन्या चिरांत किड्यांची अंडी असतात. मग आतून पातळ मातीचा पोचारा, बाहेरून शेणमातीचं लिपण, आणि पंधरा दिवस तोंड उघडं.

पहिल्या मजल्यावर एवढा मोठा नको. भरलेला कुठला पावणेपाच क्विंटलच्या घरात जातो, तोही ७० सेंमीच्या गोलावर. घराचा स्लॅब सहसा चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने धरलेला असतो. ताईंसाठी लहान कुठली करा: आतला व्यास ४० सेंमी, उंची ६० सेंमी, भिंत ४ सेंमी. पन्नास-पंचावन्न किलो गहू मावतो, भरल्यावर सव्वा क्विंटलच्या आत राहते. खोलीच्या मधोमध न ठेवता बीमजवळच्या कोपऱ्यात ठेवा, भिंतीपासून फूटभर सोडून.