‘वनेतर परिसंस्था’, ‘निर्वनीकरण’ आणि ‘वणवा’: माळरानांवरील उपग्रह-देखरेखीसाठी शब्द

प्रश्न (परभणी): ब्राझीलमधील सेराडो या सुमारे २० लाख चौरस किलोमीटरच्या गवताळ-झुडपी प्रदेशातील हिरवे आच्छादन आणि आगी यांवर उपग्रहांद्वारे ठेवल्या जाणाऱ्या देखरेखीविषयी मी मराठीत लिहीत आहे. अशा प्रदेशाला ‘वनेतर परिसंस्था’ म्हणावे का? झाडी विरळ असताना ‘निर्वनीकरण’ आणि ‘वणवा’ हे शब्द चालतील का?

प्रतिसाद (अंबाजोगाई): ताई, ‘वनेतर’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण जे नाही त्यावरून तो नाव ठेवतो. भारतीय वन सर्वेक्षण किमान एक हेक्टर क्षेत्रावर किमान १० टक्के वृक्षछत्र असेल तरच त्याला वनाच्छादन मानते. त्यामुळे बालाघाटाच्या पठारावरचा, कुसळी आणि पवन्या गवताने भरलेला, मधूनच एखादी हिवर किंवा बाभूळ असलेला माळ त्या हिशेबाबाहेर राहतो आणि सरकारी कागदावर ‘पडीक’ होतो. वर्गवारीविषयी लिहिताना ‘वनेतर’ ठेवावे, एरवी ‘उष्णकटिबंधीय माळराने’ म्हणावे. (‘रान’ हा शब्द ‘अरण्य’पासून आला, तरी आपल्याकडे रानात गेलेला माणूस शेतात असतो, आणि आयुर्वेदातला ‘जांगल’ देश म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडांचा मुलूखच.)

‘निर्वनीकरण’ मात्र टाळावे. सेराडोत सोयाबीन आणि लागवडीच्या कुरणांसाठी जे झाले, त्याला आपल्याकडे माळ मोडणे किंवा जमीन वहितीखाली आणणे म्हणतात. येथे आणखी एक भेद भाषेत पाळावा लागेल. लाल आणि निकट-अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून काढला जाणारा वनस्पती निर्देशांक (हिरवेपणाचे माप) आपल्याकडे उन्हाळ्यात गवत वाळले की आपोआप घसरतो, त्यामुळे मार्चमधील घट ही ‘ऱ्हास’ आहे की नुसते ‘सुकणे’, हे अनेक वर्षांच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिल्याशिवाय ठरत नाही.

आगीसाठी दोन शब्द लागतील, कारण उपग्रह दोन वेगळ्या गोष्टी टिपतात. ‘पेटती आग’ उष्णतेवरून कळते. मोडिस या उपग्रहावरील संवेदकाच्या चित्राचा एक ठोकळा (पिक्सेल) एक किलोमीटरचा, तर व्हीआयआयआरएस या दुसऱ्या संवेदकाचा ३७५ मीटरचा असतो. व्हीआयआयआरएसचे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात, त्यामुळे दुपारी चारला पेटून अंधार पडायच्या आत विझलेला कुसळीचा माळ त्यांना दिसतच नाही. मागे काळा डाग उरतो, त्याला ‘जळीत क्षेत्र’ म्हणावे. सेंटिनेल-२ हे युरोपीय उपग्रह दर पाच दिवसांनी १० मीटर बारकाव्याची चित्रे देतात, त्यांत हा डाग सापडू शकतो. मात्र मराठवाड्यात नांगरून टाकलेली काळी जमीनही तशीच गडद दिसते, आणि नांगरट नेमकी माळ पेटण्याच्याच दिवसांत चालते. डाग जुन्या चित्रांशी ताडला नाही, तर ढेकळांचे शेत जळीत म्हणून मोजले जाते.

प्रतिसाद (हिंगोली): वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, पण ‘वणवा’ अगदीच सोडू नये. मोकळ्या रानात वाऱ्याबरोबर पसरणारी आग, मग ती माळावरची असली तरी, वणवाच आहे. धुरे पेटवणे, उसाचे पाचट जाळणे, पऱ्हाट्यांचे ढीग पेटवणे यांना कोणी शेतकरी वणवा म्हणत नाही, मात्र पुरेशी धग असेल तर उपग्रहाच्या नकाशावर त्यांचेही ठिपके उमटतात. एक लांब आग अनेक ठोकळ्यांत विभागली जाते, तेव्हा ठिपके मोजून ‘जिल्ह्यात इतके वणवे’ असे छापणे चूकच. त्यांना ‘आगीच्या नोंदी’ म्हणावे.

‘आगीमुळे झालेली हानी’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा. सेराडोतील अनेक झाडांची साल जाड असते आणि कित्येक झुडपे जमिनीखालच्या खोडांतून पुन्हा फुटतात. तेथे जळणे म्हणजे नष्ट होणे नव्हे. म्हणून नकाशातील आकड्यापुढे ‘जळीत’ एवढेच लिहावे, आणि ‘हानी’ हा शब्द पुढच्या पावसाळ्यानंतरही आच्छादन परतले नाही तेथेच वापरावा.