मनोरा कलंडतोय? चौकोनात तिरकी काडी घाला

कुणीतरी विचारलंय की कणकेचे गोळे आणि टूथपिक लावून केलेला मनोरा दुसऱ्या मजल्यालाच कलंडतो. आमच्याकडे जळगावात गेल्या सुट्टीत हेच झालं. पोरं चौकोनावर चौकोन चढवत होती. चौकोन कोपऱ्यात दाबला की तिरका होतो, काड्या तेवढ्याच राहतात. त्रिकोण मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय आकार सोडत नाही. म्हणून प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक काडी घाला. ही काडी थोडी लांब लागते, साधारण १.४ पट, तिथे टूथपिक पुरत नाही. आम्ही ज्वारीच्या धांड्याची साल सोलून हव्या त्या मापाच्या काड्या केल्या. (फुकटात! फक्त साल बोट कापते, सोलायचं काम मोठ्यांनीच करावं.)

पीठ: २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी लागेल तसं, चमचाभर तेल. आमच्याकडच्या मे महिन्यात उघडा गोळा बघता बघता तडकतो, ओलं फडकं टाकून ठेवा. गोळे लिंबाएवढे नकोत, बोराएवढे पुरे. वरचे जड झाले की सगळं खाली येतं.

धाकट्याने मनोरा सोडून पोळ्याचा बैल केला, तोच अजून उभा आहे.