मदत हवी: गायी धार काढू देईनात, फवारणी करूनही माश्या तशाच

गोठाकरी: चार दिवस झाले गायी सारख्या पाय आपटतायत, संध्याकाळी धारेला बसलं की लाथ, दूध पण कमी आलंय. फवारणी दोनदा झाली. कोणतं औषध मारू ते लवकर सांगा.

रानवारा: चावते का नुसती बसते? फवारणी गायीवर केली का भिंतीवर?

गोठाकरी: अहो माशी म्हणजे माशी, घरात असते तशीच. चावते, खाली पायाला, रक्त येतं. गायीवरच मारणार ना, अजून कुठे.

सायंतारा: कडुनिंबाचा पाला टाकून गोवरीचा धूर करा. आजोबांपासून आमच्याकडे तेच चालतं.

डोंगरवाट: मी डॉक्टरांकडून गोचिडाचं इंजेक्शन मारून घेतलं, महिनाभर निवांत.

रानवारा: गोचीड कोणी विचारलंय? आणि धूर विझला की माशी परत. पायाला चावते म्हणजे ही स्टेबल फ्लाय, गोठ्यातली चावरी माशी. जवळून बघा, तोंडातून सुईसारखी काळी सोंड पुढे आलेली दिसेल, घरमाशीला ती नसते. नर मादी दोघंही रक्त पितात, पाचेक मिनिटात पोट भरलं की उडून उन्हातल्या भिंतीवर नाहीतर कुंपणावर जाऊन बसतात. गायीच्या अंगावर थोडाच वेळ असतात, त्यात पायावरचं औषध चिखलामुताने धुऊन जातं.

माळकरी: मला तर गोमाशी वाटते. ओढ्याकाठी चरायला सोडता का?

रानवारा: गोमाशी चांगली मोठी असते, आणि तिची फक्त मादी रक्त पिते. हे घरमाशीएवढी म्हणतायत.

सायंतारा: गुरांचा लंपी आजार पण अशाच माश्यांनी पसरतो, २०२२ ला आमच्या वाडीत फार हाल झाले, लस आधी टोचून घ्या.

रानवारा: लस घ्याच. पण गोठाकरी, आसपास ओला चारा कुजतोय का ते सांगा आधी.

गोठाकरी: उकिरडा लांब आहे. गोठ्यामागे पावसात भिजलेलं सरमाड पडलंय तेवढं, गोठ्याची नाली तिकडेच जाते. आत्ता उकरलं तर खाली पांढऱ्या अळ्या वळवळतायत!!

रानवारा: तेच मूळ. शेण, मूत आणि कुजका चारा एकत्र आला की ती तिथेच अंडी घालते. ढीग उचलून उन्हात पातळ पसरा, नालीचं तोंड फिरवा. अंड्यापासून माशी व्हायला या दिवसांत साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून दर आठवड्याला साफ करा. उडतायत त्या लगेच जाणार नाहीत, त्यांच्यासाठी औषध भिंतीवर मारा, डॉक्टरांना विचारून.

माळकरी: सरमाड किती आहे? वरचं कोरडं असेल तर मी नेतो.

गोठाकरी: एक ट्रॉली असेल. पण शेजाऱ्याचा ढीग आमच्या भिंतीला लागूनच आहे, त्यांना कसं सांगू?