मसाई लोक गाय मारून रक्त पितात का?

देवणीवाला, उदगीर: पारावर चर्चा चालली होती. आफ्रिकेतले मसाई रक्तासाठी गाय मारतात आणि नुसत्या मोठेपणासाठी शेकड्यानं जनावरं पाळतात म्हणे. खरं काय?

पशुवैद्य, नांदेड: मारत नाहीत. धडधाकट जनावराच्या मानेला दोर आवळतात, शीर फुगते. बोथट बाणानं जवळून टोचतात. टोकामागे अडणी असते, म्हणून बाण खोल जात नाही. गेला तर शीर आरपार फाटेल. दोर सोडला की दाब उतरतो, धार थांबते. मग त्या जनावराला काही आठवडे विश्रांती. रक्त बहुतेकदा दुधात मिसळतात, तेही सणाला, बाळंतिणीला, आजाऱ्याला. रोजचं खाणं दूध आणि आता मक्याचं पीठ.

कंधारी, लोहा: मोठेपणाचं म्हणाल तर, दादा, १९२६ मध्ये हर्सकोविट्स या अमेरिकी अभ्यासकानं तशी मांडणी केली आणि ती चिकटली. कळपात माद्या जास्त असतात, कारण दुष्काळानंतर कळप त्यांच्यामुळंच पुन्हा उभा राहतो. नर विकतात. तुर्काना, पोकोट या तिथल्याच दुसऱ्या गुराखी जमाती तर काही जनावरं लांबच्या सोबत्यांकडे ठेवतात. एकीकडं पाऊस नाही झाला तरी सगळं जात नाही. तिथं चारा छावणी कोण लावणार?

पशुवैद्य, नांदेड: बुळकांडीचंही सांगा, गुरांच्या त्या जीवघेण्या साथीचं. १८९० च्या दशकात तिनं पूर्व आफ्रिकेतले कळपच्या कळप संपवले, पाठोपाठ माणसं उपाशी मेली.

देवणीवाला, उदगीर: आणि सगळी आफ्रिका गुराखीच, हे?

कंधारी, लोहा: छे! त्सेत्से ही चावरी माशी गुरांना जीवघेणा रोग लावते, तिच्या जंगलपट्ट्यात गुरं टिकतच नाहीत बहुतेक.